मूठभर गवत

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आईने दरवर्षीसारखं एक ताट जास्तीचं मांडलं. येशू कुणाच्याही रूपाने दारी येतो, ही आम्हा पोलिशांची श्रद्धा. टेबलावरच्या कापडाखाली येशू जन्मला त्या गव्हाणीची आठवण म्हणून गवत पसरायचं. यंदा मूठभरच होतं. या कझाक मुलखातल्या आमच्या शेजारणीच्या, कलंपिरच्या गाईने आमची गवताची गंजी फस्त केली होती, तेव्हापासून आईचं आणि तिचं बोलणं बंद. इतक्यात दार वाजलं. हिमवादळात कलंपिरच उभी. ती आईला म्हणाली, "यादविगा, धुराडं उडालं, चूल पेटेना. न बोलावता आलेल्याला आम्ही देवाचा पाहुणा म्हणतो. तुम्ही काय म्हणता?" मी पुटपुटले, "आई, ताट आहे की." "ते येशूचं आहे!" आई फणकारली आणि स्वतःच चपापली. मग तिने खुर्ची ओढली. कापडाखालून डोकावणारं गवत बघून कलंपिर ओशाळली. "बस गं," आई म्हणाली, "तुझ्या गाईने एवढंच सोडलं. त्याला जन्मायला तेवढं पुरतं."