ओठांशी आलेला चमचा

चार वर्षांचा अबोला सोडून ब्रिजेट नाताळला भावाच्या घरी जेवायला आली होती. वहिनी एल्विराने मुद्दाम फ्रूट सॅलड केलं होतं. क्रीम घट्ट व्हावं म्हणून त्यात काजू वाटून घातले होते.

सगळ्यांच्या हाती वाट्या गेल्या. "आमच्या जोआनाला काजू चालत नाहीत, श्वास कोंडतो तिचा. बरं झालं, यात फळंच आहेत," ब्रिजेट म्हणाली.

चिमुकल्या जोआनाचा चमचा ओठांशी होता. एल्विराने झेपावून तो उडवला. पोर किंचाळली.

"माझ्या लेकीला मारलंस?" ब्रिजेट ताडकन उठली. "पुन्हा पाऊल टाकणार नाही इथे!"

"काजू आहेत गं त्यात!"

ब्रिजेटने लेकीचं तोंड उघडून पाहिलं. आत काहीच गेलं नव्हतं. तिने वहिनीचा हात धरला, आणि जेवणं उरकेपर्यंत सोडला नाही.