करिपूरच्या डोक्यावर

"उतरलं का गं?" बिय्यात्तूनं पुन्हा विचारलं.

"नाही उम्मा. वरच फिरतंय." तिच्या लेकीच्या, रम्लाच्या फोनवरच्या नकाशात एक इवलंसं विमान करिपूर विमानतळाच्या टेकडीभोवती घिरट्या घालत होतं. त्यात रम्लाचा भाऊ नौफल होता. शारजाहून साडेतीन तासांत सगळा समुद्र ओलांडून आला आणि घराच्या डोक्यावर येऊन अडकला. टेकडीवरचं मेलं धुकं काही हलेना.

बाहेर अंगणात उप्पांना, रम्ला-नौफलच्या वडिलांना, न्हाऊ घालून, कफनात गुंडाळून ठेवलं होतं. तोंड तेवढं उघडं, नौफलसाठी. गेले काल दुपारी. रीतीप्रमाणे कालच माती द्यायची. पण बिय्यात्तूचे धाकटे दीर अलवी मशिदीत जाऊन हातापाया पडले, आणि सकाळी आठपर्यंत थांबायचं ठरलं. आठ कधीच वाजून गेले होते. सारा गाव अंगणात ताटकळत उभा होता.

बिय्यात्तू उठली, खिडकीशी गेली, परत येऊन बसली, पुन्हा उठली. नवरा गेलेल्या, पांढऱ्या कपड्यांतल्या बाईनं इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपेपर्यंत परक्या पुरुषांसमोर जायचं नसतं. खिडकीच्या फटीतून तिला जावई मोयदीन दिसत होता. त्याच्या कानाचा फोन सुटत नव्हता.

"कोचीचं तिकीट मिळत होतं ना?" अलवी त्याच्यावर खेकसले.

"कोचीहून घरापर्यंत चार तास, काका. म्हटलं करिपूरचं घ्यावं, दारात उतरेल."

"उतरला दारात! काय ते शहाणपण!"

तेवढ्यात धुक्यातून घरघर आली. वाढली. कौलं थरथरली. "आलं, आलं!" म्हणून कुणीतरी ओरडलं. बिय्यात्तूनं रम्लाचं मनगट घट्ट धरलं. आवाज अगदी खाली आला आणि तसाच पुन्हा वर चढला.

मोयदीननं फोन कानावरून काढला. त्याचा चेहराच पडला होता. "उतरता येईना. कोचीला नेतायत."

शारजाहून इथवर यायला लागला, त्याहून जास्त वेळ आता कोचीहून लागणार. अलवींनी मशिदीच्या खतीबांकडे पाहिलं. खतीबांनी हळूच नकारार्थी मान हलवली. ते तरी काय करणार? कालपासून मय्यत घरात होती.

"चला," अलवी म्हणाले. ते वाकले आणि भावाच्या तोंडावर कफन ओढू लागले.

"थांबा!"

बिय्यात्तू अंगणात आली होती. पुरुष चपापून बाजूला झाले. मागून रम्ला "उम्मा, उम्मा" करत धावली.

"वहिनी, अहो आत जा. लोक आहेत."

"असू देत लोक." तिनं अलवींचा हात बाजूला सारला आणि नवऱ्याच्या तोंडावरचं कापड पुन्हा मागे घेतलं. "पोरगा वर आहे माझा. तो जाईपर्यंत झाकू नका."

वर पाहिलं तर धुक्याशिवाय काही नव्हतं. आवाज मात्र होता. एक वळण घेऊन तो दक्षिणेकडे निघाला होता. खतीब काहीतरी बोलणार होते, ते बोलले नाहीत. अलवींनी वर बघितलं, मग मोयदीननं, मग एकेक करत साऱ्या अंगणानं माना वर केल्या.

तो आवाज पार विरेपर्यंत मय्यतीला कुणी हात लावला नाही.