उंचीचं पान

सुतार भिंतीतली खुंटी उपटून हातभर खाली ठोकत होता आणि ती गुडघे वाकवून त्याचे आभार मानत होती.

"आता पोचेल ना, लवंगी?" त्याने मायेने विचारलं.

"पोचेल, काका," ती म्हणाली. सरळ उभी राहिली असती तर खुंटी तिच्या कमरेला लागली असती.

घरी तिला शिडी म्हणत. माळ्यावरचा डबा काढायचा असला की आई स्टूल शोधत नसे, तिलाच हाक मारी. शाळेच्या रांगेत ती कायम शेवटची. आणि इथे, खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात, जिथे ती खुर्चीचं मॅन्युअल लिहायला इंटर्न म्हणून आली होती, तिथे तिचं नाव पडलं होतं लवंगी.

झालं होतं एवढंच. पहिल्या दिवशी कोणाचं लक्ष जायच्या आत ती जागेवर बसली आणि तिने आपल्या खुर्चीखालचा दांडा सहज ओढून पाहिला. खुर्चीने सुस्कारा टाकला आणि तिला घेऊन खाली बसली. नेमकं तेव्हाच साहेबांनी आतून जाहीर केलं, "ही आपली नवी मुलगी." सगळ्यांनी माना वळवल्या. टेबलाच्या वर फक्त एक कपाळ दिसत होतं.

"अगं बाई, केवढीशी गं!" चित्रं काढणाऱ्या ताई कळवळल्या.

तिने दांडा पुन्हा ओढला. परत ओढला. खुर्ची काही वर येईना. आता, खुर्ची कशी वापरावी हे जगाला सांगायला आलेल्या मुलीने "खुर्ची वर कशी घेतात हो?" असं विचारायचं कोणत्या तोंडाने? उद्या विचारू, असं तिने ठरवलं. पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत ताईंनी तिला उभं राहायला एक छोटं स्टूल आणून ठेवलं होतं. पाय गार पडू नयेत म्हणून त्यावर हाताने शिवलेली गादीसुद्धा घातली होती. त्या गादीसमोर ताठ उभं राहायला तिचे गुडघे धजेनात. ती वाकूनच उठली. तिथून पुढे सगळं वाकडंच होत गेलं.

साहेबांनी तर गोष्ट मनावरच घेतली. ते आतल्या खोलीत बसत. खोलीच्या खिडकीतून त्यांचा करारी चेहरा सगळ्या हॉलवर उगवलेला असे. त्यांना उभं राहिलेलं कोणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांच्या आधी येत, सगळ्यांच्या नंतर जात. लोक म्हणत, मोठा माणूस.

"नव्या मुलीला नोटीस बोर्ड दिसतो का?" खिडकीतून विचारणा होई.

"दिसतो, सर."

"भिडस्त आहे ती. अजून खाली घ्या."

बोर्ड खाली आला. त्याच्या मागोमाग कपांची फळी आली, दिव्यांची बटणं आली, हात धुण्याच्या जागेवरचा आरसा आला. ताई कंबरेत वाकून चहा ओतू लागल्या. सुतार जमिनीवर मांडी घालून नोटिसा वाचू लागला. तरीही सगळे "पोरीसाठी एवढंही करायचं नाही का?" असं एकमेकांना म्हणत आणि तिच्याकडे बघून हसत. ते हसणं तिला चपराकीसारखं लागे.

"गुडघे कशाने दुखतात गं?" घरी आई विचारी. "ऑफिसात बसूनच असतेस ना?"

"बसूनच असते गं," ती म्हणे आणि तोंड टॉवेलात लपवी.

इंटर्नशिपचा शेवटचा दिवस आला. मॅन्युअल पसंत पडलं तर नोकरी, नाहीतर घरचा रस्ता. तिने चाकांवर लिहिलं होतं, स्क्रूंवर लिहिलं होतं, खुर्चीवर उभं राहून पंखा पुसू नये हेही लिहिलं होतं. एकच पान कोरं होतं.

साहेबांनी कागद चाळले. "उंचीचं पान कुठंय?"

ती दारातच उभी होती, निम्मी. मग हळूहळू ती पुरी उभी राहिली. गुडघे कडाकडा वाजले.

"मला माझीच खुर्ची वर घेता येत नाही, सर. मी बुटकी नाही. लाजेपोटी विचारलं नाही आणि तुम्ही सगळ्यांनी माझ्यापायी अख्खं ऑफिस खाली आणलंत. ताईंची कंबर धरलीये. मला त्यांच्याकडे बघवत नाही."

साहेबांनी मान वर करून तिला नखशिखांत पाहिलं. मग म्हणाले, "दार लाव. खिडकीचा पडदाही."

तिने लावलं. साहेब खुर्चीवरून घसरले, थोडं लोंबकळले आणि खाली उतरले. त्यांचं डोकं तिच्या कोपराला लागलं. खुर्ची मात्र तिथेच वर राहिली.

"बसून ओढलं की खाली जाते," ते तिच्या कोपराशी म्हणाले. "वर घ्यायची तर आधी उठायचं, मग दांडा ओढायचा. लिहून घे. याच्यात माझा हात धरणारा कोणी नाही."

तिने आपल्या वहीत लिहून घेतलं. "मी आत्ता बाहेर जाऊन सगळ्यांची माफी मागते, सर. काकांना सांगते, सगळं परत वर लावा म्हणून."

"खबरदार!"

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आणला.

"त्या आरशात आजवर मला नुसता माझा भांग दिसायचा. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा तोंड दिसलं." त्यांनी कोऱ्या पानावरून हात फिरवला आणि मॅन्युअलवर सही केली. "तुझी नोकरी पक्की. फक्त बाहेर जाताना गुडघे वाकव."