कुठंच न अडकणारा प्लेअर

राजारामपुरीतल्या दुकानात मल्लेशने हुपरीच्या गंगव्वाचा पेनड्राइव्ह एकेका नव्या मीडिया प्लेअरला लावून पाहिला. त्यात एकच व्हिडिओ होता, नव्या मोटारसायकलच्या पूजेच्या दिवशीचा. तिचा मुलगा किल्ली घेऊन निघतो, उंबऱ्यावर वळून "येतो गं अव्वा" म्हणतो आणि बाहेर पडतो.

सगळ्यात वेगवान प्लेअर मल्लेशने तिच्यापुढे सरकवला. "मावशी, ह्यो घ्या. कुठंच अडकत न्हाय बघा."

गंगव्वाने तो मागं सारला. "नको बाबा. माझा जुनाच दुरुस्त हुतोय काय बघ."

"त्यो लई हळू हाय की. मधेच अडकतोय."

 

"व्हय. त्या दिवशी गेला त्यो गेलाच. जुन्यावर तेवढा उंबऱ्यात जरा थांबतोय."