रविवारी परत येणे

“ती वही यादीत घेऊ नका,” म्हणत सरांनी खोक्यावर हात ठेवला.

नगररचनेच्या या नामवंत प्राध्यापकांचे कागद सकाळपासून विद्यापीठाच्या अभिलेखागारात दाखल होत होते. चाळीस वर्षांचे नकाशे, टिपणं, मानपत्रं. शेवंताबाई एकेक चाळून शिक्का मारत होत्या. शिक्का बसला की कागद विद्यापीठाचा. मग तो परत मिळत नाही. सतराव्या वहीपाशी त्यांचा हात थांबला होता.

“का, सर?”

“कच्ची टिपणं आहेत ती. नुसता गोंधळ.” सरांचा आवाज चढला. “माझे कागद आहेत, बाई! काय द्यायचं ते मी ठरवीन.”

शेवंताबाईंनी वही मिटली नाही. पान खडीवस्तीच्या पाहणीचं होतं. शाईने लिहिलं होतं : ‘चोवीस घरं, सगळ्यांना कुलूप. वस्ती निर्जन.’ खाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात : ‘टपरीवाला म्हणतो, माणसं जत्रेला गेलीत. रविवारी परत येणे.’

पुढचं पान कोरं होतं. सरांच्या गाजलेल्या आराखड्यातला रिंगरोड त्याच वस्तीवरून गेला. निर्जन जागेत पुनर्वसन कुणाचं करणार?

“राहून गेलं हो,” सर एकदम खालच्या आवाजात म्हणाले. “आराखडा शनिवारीच मागितला पालिकेने. मग पुन्हा जाणं झालंच नाही.”

शेवंताबाईंनी शिक्का उचलला आणि वहीवर दाबून मारला.

“आम्ही आलो होतो, सर,” त्या म्हणाल्या. “रविवारीच.”