दाराशी ठेवलेली ट्रंक

लेम्युएल जेवणघरात आला आणि चाळीस मुलांची बडबड एकदम थांबली.

तो आपल्या जागेवर जाऊन बसला. समोर जुबल होता. एरवी हा जुबल त्याला बघताच सुरू व्हायचा, "या पाद्रीबुवा, आज कोणाकोणाला नरकात धाडायचंय?" आज त्याने लोण्याची ताटली मुकाट्याने पुढे सरकवली आणि नजर कॉफीच्या पेल्यात घातली.

लेम्युएलच्या मनात आलं, कळलं यांना.

व्हर्जिनियातल्या त्या कॉलेजात परीक्षेवर मास्तर लक्ष ठेवत नसत. प्रश्न फळ्यावर लिहून ते निघून जात आणि उत्तरांखाली मुलं सही करत, ‘मी मदत दिली नाही, घेतली नाही.’ ही शपथ मोडणाऱ्याचा निकाल मुलंच लावत. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, त्याची ट्रंक भरून दाराशी ठेवायची आणि पुढच्या गाडीला त्याला लावून द्यायचं. गेल्या हिवाळ्यात एकाला असंच घालवलं, तेव्हा ट्रंकेचे पट्टे लेम्युएलनेच आवळले होते. वर म्हणाला होता, "असल्यांना लाज कशी वाटत नाही रे?"

आणि परवा ग्रीकच्या पेपरात त्याने शेजारच्या एसाच्या कागदावरून दोन ओळी उतरवल्या. दोनच. मग खाली झोकात सही ठोकली.

त्याने पाव तसाच ताटात टाकला. तो उठून खोलीवर गेला. ट्रंक दाराशी होती. एसा त्याच्याच खोलीत राहायचा. तो गुडघा टेकून पट्टा आवळत होता.

"एसा."

एसाने मान वर केली. डोळे लाल झाले होते. "मला काही विचारू नकोस, लेम. आम्ही कोणी बोलायचं नाही असं ठरलंय. प्राचार्य वाट बघताहेत."

"गाडी कितीची?"

"बाराची. मी येतो स्टेशनपर्यंत."

"तू? तू कशाला?"

"मग काय एकट्याला जाऊ देऊ? वाद घालू नकोस, चल."

ज्याचं चोरलं तोच पोचवायला निघालेला. लेम्युएलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोघे प्राचार्यांच्या घराकडे निघाले. लेम्युएलच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा होता. वडील डोंगरातल्या एका लहानशा चर्चचे पाद्री. पोराला प्रवेश मिळाल्याचं पत्र त्यांनी रविवारी भर प्रार्थनेत वाचून दाखवलं होतं. निघताना म्हणाले होते, "नापास झालास तरी घरी ये. मान खाली घालून मात्र येऊ नकोस." आता त्यांच्यापुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं? निदान विचारायच्या आत सगळं आपणहून कबूल करायचं, असं त्याने ठरवलं. तेवढं तरी वडिलांना सांगता येईल.

प्राचार्य खिडकीशी उभे होते. एसा दारातच थांबला.

"बस, लेम्युएल," ते म्हणाले. एरवी ते आडनावाने हाक मारत.

"उभाच बरा आहे, सर. आधी मला बोलू द्या." आणि थांबलो तर धीर सुटेल या भीतीने त्याने एका दमात सांगून टाकलं. "ग्रीकच्या पेपरात मी एसाचं बघून लिहिलं. शपथेवर खोटी सही केली. एसाला काहीच माहीत नव्हतं, त्याला दोष देऊ नका. मी बाराच्या गाडीने जातो. फक्त एक मागणं आहे, घरी पत्र पाठवू नका. वडिलांना मी स्वतः सांगेन. त्यांच्यासमोर उभा राहून सांगेन."

दारात एसाने तोंड फिरवलं. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला.

"पेपरचं आम्हां कोणालाच ठाऊक नव्हतं," ते हळू म्हणाले. "सकाळी तुझ्या घरून तार आली, बाळ. तुझे वडील वारले."