कोणाच्या हातचं

ड्रॉवर दुसऱ्यांदा आपटला तेव्हा अल्तमशच्या करंगळीचं हाड मोडलं. आवाज माणिकरावाला स्पष्ट ऐकू आला. असले आवाज त्याच्या ओळखीचे होते.

“आता बाजूचं बोट,” तो म्हणाला. “सांग बे, काऊन बंद पडलं?”

मलकापूरच्या त्या जिनिंगमध्ये उद्या सकाळी कापसाची खरेदी सुरू व्हायची होती. टोकन, वजन, प्रत, पावती, सगळं अल्तमशच्या सर्व्हरवर चालायचं, आणि तो सर्व्हर आज उभाच राहत नव्हता. सेठनं माणिकरावाला बोलावून सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत सुरू झालं नाही तर उद्यापासून गेटवर दिसू नको. वीस वर्षं त्या गेटवर माणिकराव म्हणेल ती पूर्व होती. गेट गेलं तर गावात त्याला कुत्रंही विचारणार नव्हतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“भाऊ, हे सारं तुकड्या-तुकड्यांचं असते,” अल्तमश कळवळत म्हणाला. “एकेक मॉड्यूल एकेकानं बनवेल असते. मी फक्त यादी लिहितो. बिल्ड टूल यादीतले तुकडे नेटवरून आणते अन् जोडते. काट्याचं वजन वाचायचा तुकडा त्याच्या मालकानं काल काढून घेतला. तो नाई, तं त्याच्यावर उभे असलेले बाकीचेबी नाई.”

“मंग जुना ठेवला नाई जवळ?”

“नवा सर्व्हर घेतला, जुना पुसून टाकला. चुकलं माह्यं.”

“मालक कोण त्याचा?”

“धम्मरत्न नाव टाकेल हाय. मी कधी पाह्यलं नाई त्याले.”

माणिकरावाला खरंच नवल वाटलं. “न पाह्यलेल्या माणसाचं सामान तू सेठच्या काट्याले लावलं? कोणाच्याही हातचं काईबी घेता बे तुमी?”

“सारेच घेतात, भाऊ. चालते तवर कोणी विचारत नाई.”

“त्याचा पत्ता?”

अल्तमशनं तोंड फिरवलं. माहीत नसलेला माणूस आणि लपवणारा माणूस यांतला फरक माणिकरावाला झोपेतही कळला असता. त्यानं अल्तमशचं मनगट पुन्हा ड्रॉवरमध्ये दाबलं आणि गुडघ्यानं धक्का दिला. अल्तमश गुरासारखा ओरडला, पण पत्ता काही निघाला नाही.

“उंद्री,” पलीकडून आवाज आला.

पावत्यांच्या टेबलावरची मयुरी उठून उभी राहिली होती. पावसाळ्यात कामाला लागलेली, मान वर न करणारी पोरगी. माणिकरावानं आजवर तिचा आवाजही ऐकला नव्हता.

“तुकड्यासोबत एक फाईल येते. त्याच्यात गाव लिहेल हाय. धम्मरत्न, उंद्री, विहाराच्या मागचं घर. आता सोडा सरले.”

“मयुरी!” अल्तमश खुर्चीवरून घसरत म्हणाला. “मी बोटं मोडून घेऊन राह्यलो अन् तू... तो माणूस त्या गरिबाले जित्ता ठेवन काय?”

तिनं मान खाली घातली. माणिकराव मात्र खूश झाला. अशी घाबरट माणसं त्याला मनापासून आवडायची.

“पाह्य, हिले अक्कल हाय. ए पोरी, जाताजाता चहा आन. कडक.”

चहा आला. गालातला तंबाखूचा खर्रा न थुंकताच त्यानं दोन घोटांत कप रिकामा केला. चव कडवट लागली, पण खर्ऱ्यावर कोणताही चहा कडवटच लागतो. कपाकडं त्यानं पाहिलं नाही, पोरीकडंही नाही. निघताना अल्तमशच्या बरगडीत एक लाथ घातली, लोखंडी गज जीपमध्ये टाकला आणि गाडी बुलढाण्याच्या रस्त्याला काढली.

धम्मरत्न. नाव कुठंतरी ऐकल्यासारखं वाटत होतं. पण हाताखालून इतकी माणसं गेली होती, की नावं लक्षात ठेवायची म्हटली तर डोकं फुटलं असतं.

राजूर घाटात त्याला दरदरून घाम फुटला. इतकं मारल्यावर घाम येणारच. तोंडाला सारखं पाणी सुटत होतं. खर्रा जास्त झाला म्हणून त्यानं तो थुंकून टाकला. चिखलीच्या पुढं एका बैलगाडीला जीप घासली. तो उतरला, गाडीवानाच्या दोन कानफटात दिल्या. तिसरी हुकली. गाडीवान मार विसरून त्याच्या तोंडाकडं बघत राहिला.

उंद्रीत विहाराच्या मागं एक बाई ओट्यावर बसली होती. वाट बघत असल्यासारखी.

“धम्मरत्न कोठी हाय?”

“घरातच हाय. या,” ती बाई, सिंधूताई, म्हणाली.

गज सावरत तो आत शिरला. भिंतीवर हार घातलेला एक फोटो होता. फोटो एकच होता, पण त्याला दोन दिसत होते. गज हातातून सुटला.

“वळखलं काय माह्या नवऱ्याले?” तिनं विचारलं. “बीटी कपाशीले अळी लागत नाई म्हनत होते, अन् गेल्या साली लागली. तुमी त्याले सेठच्या पऱ्हाटीत भर उन्हात विषारी औषध फवाराले लावलं. चक्कर येऊन बसला, तं नाटकं करते म्हून पट्ट्यानं मारलं. मंग बसस्टँडवर टाकून देलं. मी पोचली तवर संपला होता.”

त्याला आठवलं. त्या माणसाचा भिजलेला सदरा आठवला, तोंडातून गळणारी लाळ आठवली. त्यानं स्वतःच्या हनुवटीला हात लावला. हात ओला झाला.

“पाणी...” तो म्हणाला. तो भिंतीला टेकत खाली बसला.

सिंधूताई पाण्याला उठली नाही. तिनं दार लोटून घेतलं आणि फोटोखाली, त्याच्या समोर मांडी घालून बसली.

“त्याच्या नावाचा तुकडा लेकीनंच बनवला, अन् तुमाले अठी आनाले काल तिनंच काढून घेतला. निंगताना,” तिनं शांतपणे विचारलं, “माह्या मयुरीच्या हातचा चहा घेतला ना तुमी?”